आरसी घेऊन ये

टेम्पोचे कागद टेम्पोत ठेवायचे नाहीत, हा पहिला धडा मला टेम्पो विकणाऱ्या म्हाताऱ्याने दिला. किल्ली हातात ठेवता ठेवता म्हणाला, "गाडी गेली तर कागदही तिच्याबरोबर जातील. मग गाडी माझी, गाडी माझी म्हणून बोंबलशील, पण ऐकणार कोण?" शहाण्या माणसाचं बोलणं. मी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी आरसी बुक नि विम्याचा कागद ड्रायव्हरच्या सीटखाली, जॅकशेजारी कोंबून मोकळा झालो. आठ दिवसांत ऑइलचा डबा कलंडला आणि आरसी बुकाची दोन पानं एकमेकांना कायमची चिकटली.

मग कागद खिशात आले. सुरतेचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतलाय त्याला सांगायला नको, दुपारपर्यंत शर्ट पिळून घ्यावा लागतो. म्हणून ते घरी नेले, माळ्यावर ठेवले. आमच्याकडचे उंदीर कापडाच्या कांजीवर पोसलेले, त्यांनी दोन दिवसांत पिशवीला भोक पाडलं. मग ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी. पण आम्ही राहायचो डिंडोलीत, सखल गल्लीत. पावसाळ्यात खाडी फुगली की घरात शिरलेलं पाणी सगळ्यात आधी ट्रंकेचा तळ गाठायचं. एक खोली, दोन माणसं, आणि त्या खोलीत चार बोटं कोरडी जागा मला सापडेना. शेवटी वैतागून ते कागद मी मायच्या पुढ्यात टाकले.

"तूच ठेव कुठेतरी. ही आरसी, हा विमा. हरवलंस ना, तर माझ्या पोटावर पाय आला म्हणून समज."

माझं बोलणंच असं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाहेर शेठ लोकांपुढे मी गाईसारखा, आणि घरात आलो की वाघ.

मायबद्दल सांगायला हवं. वडील आम्हाला खानदेशातून सुरतेला घेऊन आले, पंधरा वर्षं त्यांनी लूम चालवले आणि छातीच्या दुखण्याने गेले. तेव्हापासून माय घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. बोटांवर कायम गोंदाचे पापुद्रे, आणि बोलता बोलता ते सोलत राहायची सवय. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. बोलायची ती अहिराणी, पण साड्यांचं काम आणून देणारे सगळे गुजराती, त्यामुळे गुजराती तिला शब्दन् शब्द कळायची. हे मला ठाऊक होतं. हे ठाऊक होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

'आरसी'ची गंमत टेम्पो आणला त्या दिवशीच झाली होती. आमच्याकडे आरशाला आरसी म्हणतात. मायची स्वतःची एक आरसी होती, तिच्या लग्नातली, लाकडी चौकटीची, ताटाएवढी. घरातली तीच एक वस्तू खिळ्याला उंच टांगलेली होती, खाडीचं पाणी कधी तिच्यापर्यंत पोचलं नाही. तर टेम्पोला नारळ फोडून झाला आणि मी ऐटीत म्हणालो, "आरसी पण माझ्या नावावर झाली, माय." तिने टेम्पोभोवती एक फेरी मारली, आत डोकावली आणि विचारलं, "टेम्पोसंगे आरसी बी देतस का रे? कोठे शे?"

टेम्पोसोबत आरसाही देतात का, तर! मी पोट धरून हसलो. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन मी ते तिच्या आवाजात, तिच्या हेलात, पदर सावरायची नक्कल करून सगळ्यांना ऐकवलं. ड्रायव्हर लोकांना तेवढंच हवं असतं. पुढे वर्षभर कोणी ना कोणी मला विचारायचा, "काय रे, मायची आरसी काय म्हणते?" आणि मीही दात काढायचो. खरं सांगायचं तर मला मायच्या बोलीची लाज वाटायची. मी तेव्हा गुजराती अगदी सफाईने बोलायला लागलो होतो, आणि मला वाटायचं, या बाईने चारचौघांत तोंड उघडलं की माझी सगळी सफाई पाण्यात.

तर कागद मायकडे गेले. कुठे ठेवतेस म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुले काय करनं शे? तू माग, मी देसू." खरंच, मागितले की अर्ध्या तासात हातात. कोरडे, सरळ, कोपराही दुमडलेला नाही. मी पुन्हा कधी विचारलं नाही. विम्याचं वर्ष संपलं की नवा कागद आणायचा, तिच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. टेम्पोत झेरॉक्स ठेवायची असा स्टँडवरचा रिवाज होता, तशी मीही ठेवली होती. फक्त नव्या विम्याची झेरॉक्स काढायची त्या वर्षी राहून गेली. आज काढू, उद्या काढू, असं करत तीन महिने.

त्या दिवशी सकाळी कडोदऱ्याहून ग्रे कापडाचे, म्हणजे कोऱ्या, न रंगवलेल्या कापडाचे ताके भरून निघालो होतो. ताके दुपारी चारच्या आत मार्केटमागच्या रंगाई करणाऱ्या प्रोसेसवाल्याकडे पोचवायचे होते. रोजची बांधलेली फेरी होती ती. आधी दोनदा मला उशीर झाला होता आणि शेठने आदल्याच दिवशी मला उभं करून सांगितलं होतं, "अजून एकदा उशीर, की दुसरा टेम्पो." ती फेरी गेली असती तर मी पुन्हा स्टँडवर दिवसभर माशा मारत बसलो असतो.

वाटेत नाक्यावर पोलिसांची तपासणी लागली. दहा-बारा गाड्या बाजूला घेतलेल्या, त्यात आमच्या स्टँडवरचेही दोघे. जमादार वयस्कर होता, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. त्याने माझी झेरॉक्स डोळ्यांजवळ धरली.

"आ तो गया वरसनो छे."

मागच्या वर्षीचा विमा. मी सांगितलं, नवा आहे साहेब, घरी आहे. तो शांतपणे म्हणाला, घरी आहे तर मागव. ओरिजिनल आरसी, ओरिजिनल विमा. संध्याकाळपर्यंत दाखवलास तर गाडी घेऊन जा, नाही तर गाडी आत लागेल आणि मग कोर्टातून सोडव. त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला मात्र डोळ्यांसमोर शेठच दिसायला लागला. घड्याळात साडेअकरा झाले होते.

टेम्पो सोडून मला जाता येत नव्हतं, किल्ली जमादाराकडे. नाक्यावर पीसीओ होता. आमच्या गल्लीत एकच फोन, किराणावाल्याचा. त्याला लावला आणि ओरडलो, "माझ्या मायला सांगा, आरसी घेऊन ये. आरसी नि विमा. कडोदऱ्याच्या रस्त्याला नाक्यावर. ताबडतोब!" तो म्हणाला, "आरसीच ना?" मी म्हणालो, "हो बाबा, आरसी, आरसी!" आणि फोन आपटला.

मग वाट बघणं. मायला एकटीने इतक्या लांब यायची सवय नव्हती. शटल रिक्षा बदलत बदलत यायचं, मधला तुकडा चालायचा, आणि उन्हाने रस्ता तापलेला. पण खोटं कशाला सांगू, तेव्हा मला तिच्या पायांची काळजी नव्हती. एक वाजला, दीड वाजला, आणि मी मनातल्या मनात तिलाच शिव्या घालत होतो. एक काम सांगितलं तर तेही वेळेवर नाही! स्टँडवरचे ते दोघे टपरीवर चहा पीत माझी मजा बघत होते.

दोनच्या सुमाराला ती दिसली. रस्त्याच्या कडेकडेने येत होती, भरभर, एक चप्पल तुटलेली म्हणून ती हातात, आणि छातीशी दोन्ही हातांनी काहीतरी धरलेलं, जुन्या साडीत गुंडाळलेलं. तान्हं पोर धरावं तसं. मी पुढे धावलो. "कुठे आहे? आण!" तिने धापा टाकत गाठ सोडली. साडी सरकली आणि उन्हाची तिरीप थेट माझ्या डोळ्यांत गेली.

आरसी! भिंतीवरची, लग्नातली, लाकडी चौकटीची आरसी!

टपरीवरून हसण्याचा असा फवारा उडाला की बस्स. "अरे, आली रे आली, मायची आरसी आली!" त्या दोघांना तर माझ्याच तोंडून वर्षभर ऐकलेली गोष्ट समोर चालत आलेली दिसत होती. बाकीच्या ड्रायव्हरांना त्यांनी ती समजावून सांगितली आणि मग तेही हसायला लागले. कोणी म्हणालं, "मावशी, साहेबाला तोंड बघायला आणलीत का?" जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं मला झालं.

हसण्याच्या आवाजाने जमादार उठून आला. आरशाकडे बघितलं, मायकडे बघितलं, मला विचारलं, "आ कोण छे?"

आणि मी म्हणालो, "बाजुवाळी छे, साहेब. जरा गांडी छे."

शेजारची आहे. जरा वेडी आहे.

हे वाक्य कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. विचारही केला नव्हता. तोंडातून ते इतकं सहज आलं की जणू तयारच होतं. स्टँडवर नक्कल करत करत मीच ते तयार करून ठेवलं असणार.

माय माझ्याकडे बघत होती. "आरे, पन येन्हा मांगे..." एवढंच ती बोलली. याच्या मागे, असं काहीतरी. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "चूप! एक अक्षर बोलू नको. जा घरी, निघ!" हे मी मराठीत ओरडलो, आणि शेजारणीला कोणी असं ओरडत नाही हेही मला तेव्हा सुचलं नाही.

ती गेली नाही. तिने आरसी पुन्हा साडीत गुंडाळली, माझ्यापासून दहा पावलं लांब बाभळीच्या सावलीत जाऊन बसली आणि तुटलेली चप्पल समोर ठेवून बोटांवरचे गोंदाचे पापुद्रे सोलायला लागली. मी पाठ फिरवली. जमादाराच्या टेबलापाशी जाऊन हात जोडले, विनवण्या केल्या, शेठचं सांगितलं, चारचं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. मग म्हणाला, "कागळियां बताव ने, भाई." कागद दाखव, एवढंच.

मग तोच उठला. माठातलं पाणी पेल्यात घेऊन बाभळीखाली गेला आणि मायला दिलं. मीही त्याच्यामागे गेलो. "माजी, शुं लाव्यां?" त्याने विचारलं. काय आणलंत?

मायने पाणी घटाघट पिऊन पेला परत दिला. मग गुजरातीत, तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आ भाईनां कागळ छे, साहेब. हुं तो एनी बाजुवाळी. एनी माए मोकल्यां."

या भाऊंचे कागद आहेत. मी यांची शेजारीण. यांच्या आईने पाठवलेत.

तिने आरसी मांडीवर पालथी घातली. मागच्या फळीवर साडीची चिंधी चिकटवलेली होती, टिकल्यांच्या गोंदाने, चारी कडांना नीट, कुठे सुरकुती नाही. नखाने तिने एक कड उचलली आणि सर्रकन ती चिंधी सोलून काढली. आत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकच्या आत आरसी बुक आणि यंदाचा विमा. कोरडे खडखडीत. एवढ्या लांबच्या वाटेत कोपराही दुमडू नये म्हणून तिने अख्खी आरसीच उचलून आणली असणार. भिंतीवर उंच, ना पाण्याचा हात पोचे, ना उंदराचा, ना चोराचा. खोलीतली चार बोटं कोरडी जागा तिला सापडली होती. मी रोज सकाळी त्याच आरसीत बघून भांग पाडत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

टपरीवरचं हसणं थांबलं. जमादाराने चष्मा चढवला, एकेक पान बघितलं. "आमां केम राख्यां, माजी?" यात का ठेवले, असं त्याने विचारलं. मायने खांदे उडवले. "एनी मा कहे छे, कागळनुं नाम आरसी, तो आरसीमां ज राखवानुं ने." यांची आई म्हणते, कागदाचं नाव आरसी, मग आरसीतच ठेवायचे ना.

तेव्हा कोणी हसलं नाही. हसावं असं ते होतं, पण कोणी हसलं नाही.

जमादाराने कागद माझ्या हातात दिले, किल्ली दिली. त्याला काही कळलं होतं का, देव जाणे. आमचं दोघांचं नाक एकसारखं आहे, बघणाऱ्याला लगेच दिसतं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "तारी बाने कहेजे, कागळियां बहु सरस साचव्यां छे."

तुझ्या आईला सांग, कागद फार छान जपलेत.

माय तिथेच, दोन हातांवर, चिंधी घडी करत उभी होती. मला फक्त वळून तिच्याकडे बघायचं होतं आणि 'माय' म्हणायचं होतं. ते दोघे टपरीवरून बघत होते. मी म्हणालो, "हा, साहेब. कही दईश." सांगेन.

ताके मी चारच्या आत पोचवले. फेरी वाचली. माय केबिनमध्ये माझ्या शेजारी बसली होती, आरसी मांडीवर, तोंड बाहेर. एवढ्या रस्त्यात मी हजारदा बोलायला तोंड उघडलं असेल. शेवटी गिअर बदलता बदलता म्हणालो, "अगं, ते तिथे लोक होते म्हणून..." आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो, आणि तिने दारावर हाताने थाप मारली.

"टेम्पोवाले भाऊ, माले आठेच उतारी द्या."

इथेच उतरवून द्या. 'दे' नाही, 'द्या'. जन्मापासून त्या दिवसापर्यंत तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी ब्रेक मारला. ती उतरली, तुटकी चप्पल हातात घेतली आणि गल्लीत शिरली. किराणावाल्याने ओट्यावरून विचारलं, "मिळाली का त्याला आरसी?" तर ती म्हणाली, "मियनी." मिळाली.

मी टेम्पोत बसून रडलो. आत जायची छाती होईना. गेलो तेव्हा तिने ताट वाढून ठेवलं होतं आणि आरसी खिळ्याला परत टांगलेली होती. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा 'तू'वर आली, पहिल्यासारखीच बोलायला, ओरडायला लागली. तो विषय तिने कधीच काढला नाही. ती मला फाडफाड बोलली असती, चार माणसांत तिने माझी अब्रू काढली असती तर मी सुटलो असतो. स्टँडवर मी नक्कल करणं बंद केलं, पण त्याला काय अर्थ? ज्यांना ऐकवली होती त्यांच्या डोक्यातून ती थोडीच पुसली जाणार होती.

दर वर्षी मी विम्याचा नवा कागद आणायचो. ती जुनी चिंधी सोलायची, नवा कागद आत घालायची, गोंद लावून नवी चिंधी चिकटवायची. मी शेजारी बसून बघायचो. आज सांगू, आता सांगू, असं करायचो. झेरॉक्ससारखंच. माझ्या जिभेला शिव्या कधी जड गेल्या नाहीत, पण 'माय, माझं चुकलं' एवढं वाक्य तिच्यावर येईना.

पुढे टेम्पो विकला, मायही गेली. मीही आता पिकलोय. आरसी अजून आमच्या भिंतीवर आहे. मागची फळी मोकळी आहे, शेवटच्या चिंधीच्या गोंदाचा डाग तेवढा राहिलाय. नाक्यावरच्या त्या माणसाने माझ्या हाती एक निरोप दिला होता, मायला सांग म्हणून. ती तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, आणि तो निरोप मी तिला कधीच दिला नाही.